सुनावणीविना बंदिस्त झालेला छत्रपती

उम्म अल हस्सम (बहरीन) : मनोरुग्ण आरोपीस तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवणारी न्यायालये आज अनेक देशांत आहेत. अशा व्यवस्थेअभावी काय घडू शकते, हे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या चरित्रावरून कळते.

महाराजांचा जन्म १८६३ चा. मूळ नाव नारायणराव. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले आणि पुढील वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर आला. राज्याची सूत्रे इंग्रजांच्या देखरेखीखाली होती. तरुणपणी महाराजांना वेड लागल्याचे सरकारकडून सांगण्यात येऊ लागले. आजार मुळात किती आणि छळामुळे किती, यावर तेव्हाच महाराष्ट्रात वाद माजला. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले; आधारभूत पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

म्हणजे महाराजांसंबंधी लिहिणाऱ्यांचा खटला रीतसर चालला. महाराजांचा मात्र कधीच चालला नाही. इंग्रजी मुलखातील सधन मनुष्यास वेडा ठरवायचे तर १८५८ च्या कायद्यान्वये दिवाणी न्यायालयात चौकशी होत असे. वेडाच्या भरात गुन्हा करणाऱ्यालाही १८६० च्या दंडसंहितेचे ८४ वे कलम संरक्षण देई. संस्थानिकाचा निर्णय मात्र सरकारच्या हाती होता. कोणताही गुन्हा नसताना महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या सैनिकांच्या पहाऱ्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे. पुढील मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू.

महाराज खरोखर आजारी होते असे मानले, तरी त्यांच्या वाट्याला वैद्याऐवजी शिपाई आला, हे सत्य उरतेच. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा, मोफत विधी साहाय्याचा आणि पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी बहरीननेही तुरुंगवासाला पर्यायी शिक्षांचा कायदा केला. परमुलखात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाचे मन ढळले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, तर त्याची बाजू मांडणारे माणूस वेळेवर उभे राहणे अगत्याचे आहे. छत्रपतींसाठी ते उभे राहिले नाही.