चार्ल्स ब्रॅडलॉ : देव न मानणाऱ्या माणसाची शपथ

चर्चच्या पत्रकात एका नास्तिकाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. धर्मस्वातंत्र्य हा शब्द आपण अल्पसंख्याक म्हणून वारंवार उच्चारतो. तो कोणाकोणाला लागू पडतो, याचा विचार मात्र क्वचितच करतो. देव न मानणे हाही एक धर्मच आहे, असे काही जण म्हणतात. ज्याला धर्मच नाही त्याला कसले धर्मस्वातंत्र्य, असे इतर काही विचारतात. हाच वाद इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये सहा वर्षे चालला, तो चार्ल्स ब्रॅडलॉ या एका माणसामुळे.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्स्टन या गरीब वस्तीत झाला. वडील वकिलाच्या कचेरीत कारकून होते. घरचे सारे अँग्लिकन पंथाचे. चार्ल्स मुलगा हुशार, कोवळ्या वयातच संडे स्कूलमध्ये शिकवू लागला. दृढीकरण संस्कारासाठी बिशप येणार म्हणून तेथील धर्मगुरूंनी त्याला तयारी करायला सांगितले. त्याने आपल्या पंथाची ३९ श्रद्धासूत्रे आणि चार शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. काही ठिकाणी मेळ बसेना, तेव्हा त्याने धर्मगुरूंनाच पत्र लिहून मदत मागितली. धर्मगुरूंनी उत्तर दिले नाही. मुलगा नास्तिक होत चालला आहे, असे वडिलांना कळवले आणि त्याला संडे स्कूलमधून तीन महिने बाजूला केले.

शंका विचारणारा मुलगा तेव्हा नास्तिक नव्हता, हे आम्हांला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षण देणाऱ्यांनी आणि आईवडिलांनी या प्रसंगापाशी थोडे थांबावे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास चार्ल्सने घर सोडले आणि तो स्वतंत्र विचारवाद्यांच्या आश्रयाला गेला. दार उघडले ते त्यांनी.

पोटासाठी तो १८५० मध्ये सैन्यात भरती झाला. पलटण आयर्लंडला गेली. तेथे भुकेने गांजलेल्या कॅथलिक कुळांना जमीनदार झोपड्यांतून हुसकून लावत होते आणि बंदोबस्ताला सैनिक उभे केले जात होते. हे दृश्य तो विसरला नाही. आयरिश लोकांची बाजू त्याने जन्मभर घेतली.

१८५३ मध्ये सैन्य सोडल्यावर ब्रॅडलॉ वकिलाकडे कारकुनी करू लागले आणि गावोगाव व्याख्याने देऊ लागले. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. पुढे भारतात आलेल्या अ‍ॅनी बेझंट या त्यांच्या सहकारी. दोघांनी संततिनियमनावरील एक पुस्तिका छापली म्हणून १८७७ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्या विषयात आम्ही त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही, हे उघडच आहे. देवाविषयी त्यांचे म्हणणे असे की, देव नाही असे मी सांगत नाही, देव या शब्दाचा अर्थच मला लागत नाही.

१८८० च्या एप्रिलमध्ये नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटवर निवडून दिले आणि खरा पेच सुरू झाला. सभासदाला देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. क्वेकर पंथीयांना मात्र त्यातून सूट होती. शपथच वाहू नका या प्रभू येशूच्या आज्ञेचा ते शब्दशः अर्थ घेतात, म्हणून कायद्याने त्यांना साधी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू दिली होती. ब्रॅडलॉ यांनी तीच मुभा मागितली. सभागृहात वाद असा पडला की, क्वेकर नकार देतो तो धर्मापोटी, पण या माणसाला तर धर्म नाही, मग त्याच्या नकाराला मान कसला? मुभा नाकारली गेली. मग मी नेहमीची शपथ घेतो, असे ते म्हणाले. तर उत्तर मिळाले, तुमचा देवावर विश्वास नाही, तुमची शपथ खोटी ठरेल. म्हणजे दोन्ही दारे बंद.

२३ जून १८८० रोजी सभागृह सोडायला नकार दिला म्हणून त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कैदेत ठेवले. काही महिने प्रतिज्ञेवर बसू दिले, पण न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. जागा रिकामी झाली. दिलेल्या प्रत्येक मतासाठी ५०० पौंड दंडाचा दावा त्यांच्यावर लागला आणि ते कर्जात बुडाले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी पोलिसांनी आणि शिपायांनी त्यांना ओढत बाहेर काढले, अंगावरचा कोट फाटला. नॉर्दम्प्टनचे मतदारही हट्टी. १८८१, १८८२, १८८४ आणि १८८५ अशा आणखी चार निवडणुकांत त्यांनी याच माणसाला निवडून दिले.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. १८८३ मध्ये सरकारने प्रतिज्ञेची मुभा सर्वांना देणारे विधेयक आणले. कार्डिनल मॅनिंग यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. हे मॅनिंग कामगारांचे कैवारी, लंडनच्या गोदी कामगारांच्या संपात पुढे मध्यस्थी करणारे थोर पुरुष. देवाला न मानणारे पार्लमेंट देशाचा पाया उखडील, अशी त्यांची प्रामाणिक भीती होती. आयरिश कॅथलिक सभासदांपैकी बहुतेकांनीही विरोधात मत दिले. विधेयक २९२ विरुद्ध २८९, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले. याच पार्लमेंटच्या दाराशी १८२९ मध्ये आयरिश कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल उभे होते. आपल्या श्रद्धेविरुद्ध असलेली शपथ नाकारली म्हणून त्यांनाही परत पाठवून पुन्हा निवडून यायला लावले होते. लिओनेल डी रॉथशिल्ड हे यहुदी गृहस्थ १८४७ मध्ये निवडून आले, त्यांना बसायला मिळाले १८५८ मध्ये. पन्नास वर्षांत आपले लोक ते विसरले, याचे आम्हांला वाईट वाटते.

कार्डिनल न्यूमन यांनी मात्र विधेयकाविरुद्धच्या अर्जावर सही करायला नकार दिला. त्या शपथेतला देव म्हणजे ख्रिस्ती माणसाचा देव असे कोणी धरतच नाही, तेव्हा विधेयकाने धर्माचे ना भले होणार ना वाईट, असे त्यांचे मत होते. नास्तिकाच्या तोंडून देवाचे नाव जबरदस्तीने वदवल्याने देवाचा गौरव होतो काय, हा प्रश्न आम्हीही विचारतो.

१३ जानेवारी १८८६ रोजी नव्या सभापतींनी कोणाचीही हरकत न ऐकता ब्रॅडलॉ यांना शपथ दिली. १८८८ मध्ये त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन कायदा करून घेतला. त्यानुसार ज्याला धर्म नाही त्यालाही प्रतिज्ञेचा हक्क मिळाला. आता आमचे मत. नास्तिकपणा हा धर्म नव्हे. त्यात उपासना नाही, प्रार्थना नाही, आणि ब्रॅडलॉ यांना कोणी धार्मिक म्हटले असते तर ते रागावलेच असते. पण त्यांना सदसद्विवेकबुद्धी होती आणि स्वातंत्र्य तिच्यावरच उभे असते. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात या बुद्धीचे स्वातंत्र्य आधी आहे, धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क त्यानंतर. आपले आमदार-खासदारही ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात किंवा नुसती प्रतिज्ञा करू शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती नको असे स्पष्ट केले. त्याच परिषदेने असेही मान्य केले की, नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असू शकतो. हॉक्स्टनच्या त्या मुलाचे पत्र इथे आठवते.

ब्रॅडलॉ भारताचे मित्र होते. डिसेंबर १८८९ मध्ये प्रकृती बिघडलेली असताना ते मुंबईला काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला आले आणि परतल्यावर भारतातील कायदेमंडळांच्या सुधारणेचे विधेयक त्यांनी मांडले. २७ जानेवारी १८९१ रोजी पार्लमेंटने त्यांच्याविरुद्धचा १८८० चा ठराव दप्तरातून पुसून टाकला. तेव्हा ते बेशुद्धीत होते. ती बातमी त्यांना कळलीच नाही. ३० जानेवारीला ते वारले. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी अंत्यविधीला गेले होते. काही ख्रिस्ती धर्मगुरूही ब्रॅडलॉ यांना अखेरचा मान द्यायला तेथे आले होते, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे.