घाटातून आलेला जगज्जेता

मोटार शर्यतींचे दर्दी ही एक वेगळीच जमात आहे. त्यांना शर्यत पाहण्यात जेवढा रस, त्याहून कांकणभर अधिक रस नंतरच्या गप्पांत. पेट्रोल संपलं म्हणून गाडी हाताने ढकलत रेषेपार नेऊन जगज्जेता कोण झाला? (जॅक ब्रॅबहॅम, १९५९.) मरणोत्तर जगज्जेतेपद कुणाला मिळालं? (योकेन रिंट, १९७०.) दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ साली झालेल्या पहिल्या इंडियन ग्रांप्रीत शेवटचा चौकड्यांचा झेंडा कुणी फडकवला? या प्रश्नाला मात्र घरातली आजीसुद्धा उत्तर देईल, कारण तो फडकवणारा आपला सचिन होता.

असे प्रश्न रंगत रंगत शेवटी एका नावापाशी येऊन थांबतात. ते नाव म्हणजे हुआन मॅन्युएल फँजिओ. पाच वेळा जगज्जेता. त्याचा हा विक्रम १९५७ पासून २००३ पर्यंत, म्हणजे तब्बल ४६ वर्षं अबाधित राहिला. मायकेल शूमाकरने तो मोडला, पुढे लुईस हॅमिल्टननेही मागे टाकला. पण ५१ शर्यतींत २४ विजय हे फँजिओचं प्रमाण दोघांनाही गाठता आलं नाही. पाच विजेतेपदं त्याने चार कंपन्यांच्या गाड्यांतून मिळवली: अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती. शेवटचं मिळवलं तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

आता या अर्जेंटिनाच्या माणसाचा आणि आपल्या आंबेनळीचा संबंध काय, असं वाचकांना वाटेल. संबंध घाटाचा आहे. पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरकडे चढणारा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, वळणापलीकडे काय आहे ते वळण घेतल्यावरच कळणार. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत, आणि दरड कधी येईल त्याचा नेम नाही. फँजिओ ज्या शाळेत शिकला ती शाळा अशाच रस्त्यांची होती. गुळगुळीत गोल मैदानावर तो फार उशिरा आला.

बाल्कार्से हे त्याचं गाव. ब्युनोस आयर्सपासून दूर, बटाट्याच्या शेतीचं. इटलीतून पोटासाठी आलेल्या कुटुंबात २४ जून १९११ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गवंडीकाम आणि रंगकाम करायचे. मुलगा लहान वयातच शाळा सोडून गॅरेजमध्ये हाताखाली कामाला लागला. आपल्याकडे महाड-पोलादपूरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये तेलकट कपड्यांतला असा एखादा पोरगा पाना हातात घेऊन गाडीखाली आडवा झालेला दिसतोच. फँजिओ तसाच होता. फुटबॉल चांगला खेळायचा. पाय किंचित बाकदार, म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं एल चुएको, म्हणजे आपल्या भाषेत फेंगडा. पुढे जगभर कीर्ती झाली तरी गावाकडच्यांनी ते नाव सोडलं नाही, आणि त्यानेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. १९३६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो एका मित्राच्या वडिलांची फोर्ड टॅक्सी मागून आणून. वरचं टप काढून टाकलं आणि टोपणनावाने नाव नोंदवलं. शर्यत काही पूर्ण झाली नाही. पण गावाला या मेकॅनिकमध्ये काहीतरी दिसलं, आणि नंतर गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला शेवरोले गाडी घेऊन दिली. मी आयुष्यभर बँकेत वाहनकर्जांची प्रकरणं तपासली. तारण काय, जामीनदार कोण, परतफेडीची ऐपत किती, हे पाहिल्याशिवाय कागदावर सही केली नाही. बाल्कार्सेच्या लोकांचं हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर कुठल्याच नियमात बसलं नसतं. त्यांच्याकडे तारण एकच होतं: त्या पोराचे हात.

त्या काळी अर्जेंटिनात शर्यती व्हायच्या त्या खुल्या रस्त्यांवर. १९४० साली ब्युनोस आयर्सहून पेरूची राजधानी लिमा आणि तिथून परत, अशी शर्यत झाली. अंतर सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर. म्हणजे मुंबईहून कन्याकुमारीला तीनदा जाऊन तीनदा परत यावं तेवढं. वाटेत अँडीज पर्वत आणि बोलिव्हियाचं उंच पठार. आपलं महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आसपास. तिथे रस्ते ४,००० मीटरच्याही वर जातात. हवा विरळ, इंजिन धापा टाकतं, माणसाचं डोकं गरगरतं. रस्ता म्हणावा तर धूळ, दगड आणि मधूनच ओढा. दिवसभर गाडी चालवायची, मुक्कामाला तिच्याखाली शिरून दुरुस्ती करायची, पहाटे पुन्हा निघायचं. ही शर्यत फँजिओने जिंकली. अर्जेंटिनाच्या रस्ता-शर्यतींचं राष्ट्रीय विजेतेपद १९४० आणि १९४१ अशी दोन्ही वर्षं त्याच्याकडे आलं. गाडीचा जीव राखून गाडी पळवायची, हा धडा त्याला इथे मिळाला. इंजिनाचा आवाज थोडा बदलला तरी त्याला ते कळायचं, कारण तेच इंजिन त्याने आदल्या रात्री उघडून बसवलेलं असायचं.

पुढे महायुद्धामुळे शर्यती बंद पडल्या आणि ऐन उमेदीची वर्षं वाया गेली. युद्धानंतर १९४८ साली ब्युनोस आयर्स ते कराकस ही आणखी एक अचाट शर्यत निघाली. तीत जे घडलं ते फँजिओ जन्मभर विसरला नाही. पेरूमध्ये, रात्रीच्या अंधारात, एका वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून उतारावरून कोलमडत गेली. शेजारी बसलेला त्याचा जुना मित्र आणि सहचालक दानिएल उरुतिया बाहेर फेकला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मागून येणारा एक स्पर्धक, एउसेबियो मार्सिया, थांबला. शर्यत चालू होती, प्रत्येक मिनिट मोलाचं होतं. तरी त्याने जखमींना गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं आणि मगच पुढचा रस्ता धरला. मार्सिया ती शर्यत जिंकला नाही. जिंकला दोमिंगो मारिमोन. पण अर्जेंटिनाच्या लोकांनी मार्सियाला रस्त्यावरचा सद्गृहस्थ ही जी पदवी दिली, ती कुठल्याही चषकाहून मोठी ठरली.

आपल्या घाटाची रीतही हीच आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळीच्या दरीत कोसळली. तीस माणसं गेली, एकटा वाचला. त्या दिवशी पावसात महाबळेश्वरचे ट्रेकर दोर लावून दरीत उतरले. जे खाली पडले होते ते त्यांचे कुणी नव्हते. घाटात थांबावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

उरुतियाच्या मृत्यूनंतर शर्यती सोडून द्याव्यात असं फँजिओच्या मनात आलं होतं. वय ३७, या खेळात निवृत्तीचंच. पण १९४९ साली तो युरोपात गेला आणि तिथल्या नामवंतांना हरवत सुटला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनची जागतिक मालिका सुरू झाली. ज्या वयात इतर चालक गाडी विकून हॉटेल काढतात, त्या वयात या माणसाची जागतिक कारकीर्द सुरू झाली!

त्याच १९५० सालातला मोनॅकोचा किस्सा दर्दींच्या प्रत्येक बैठकीत निघतो. पहिल्याच फेरीत समुद्राची लाट रस्त्यावर आली, गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या आणि बंदराजवळच्या वळणावर रस्ता अडला. फँजिओ सर्वांत पुढे होता, त्याला याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या फेरीत त्या वळणाकडे येताना त्याला काहीतरी खटकलं. पहिल्या क्रमांकाची गाडी येते आहे आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहतच नाहीत, सगळ्यांची तोंडं दुसरीकडे! त्याने ताबडतोब ब्रेक दाबला, मोडक्या गाड्यांतून वाट काढली आणि शर्यत जिंकली. दिसत नसलेल्या वळणापलीकडचं ओळखायचं, ही घाटातली विद्या त्याला भर शहरात उपयोगी पडली.

मात्र ही विद्याही थकव्यापुढे चालत नाही. जून १९५२ मध्ये आयर्लंडमधली शर्यत आटोपून दुसऱ्याच दिवशी इटलीत मोंझाला उतरायचं त्याने कबूल केलं होतं. खराब हवेमुळे पॅरिसच्या पुढे विमान मिळेना. तेव्हा तो रातोरात गाडी चालवत आल्प्स ओलांडून निघाला आणि शर्यतीच्या जेमतेम अर्धा तास आधी मोंझाला पोचला. दुसऱ्याच फेरीत गाडी हातची सुटली, तो बाहेर फेकला गेला आणि मानेचा मणका मोडला. ते सबंध वर्ष गेलं. जगातल्या सर्वोत्तम चालकाची ही गत, तर रात्रभर जागून पहाटे घाटाला लागणाऱ्या आपल्या ट्रकवाल्याची काय कथा? रात्रभर चालवून आलेल्या चालकाला घाटाच्या तोंडाशी दोन तास झोपू द्यावं, हे मालकांना कळायला हवं.

फँजिओ परत आला आणि १९५४ ते १९५७ ही सलग चार वर्षं जगज्जेता झाला. पण त्या विजयांचा जमाखर्च मांडायला बसलं की खर्चाची बाजू भयंकर दिसते. १९४८ ची ती शर्यत जिंकणाऱ्या दोमिंगो मारिमोनचा मुलगा ओनोफ्रे फँजिओच्या सावलीत तयार झाला होता. तो ३१ जुलै १९५४ रोजी जर्मनीत नूरबुर्गरिंगवर सरावात मेला. दुसऱ्या दिवशी फँजिओ त्याच रस्त्यावर उतरला आणि जिंकला. पुढच्या वर्षी ल मान्सला पियेर लवेगची गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. फँजिओ त्याच्या लगेच मागे होता. जाता जाता लवेगने हात वर करून आपल्याला सावध केलं, असं तो पुढे मानत आला. अस्कारी १९५५ मध्ये गेला, कास्तेलोत्ती १९५७ मध्ये.

याच नूरबुर्गरिंगवर ४ ऑगस्ट १९५७ रोजी त्याने ती शर्यत केली जिला दर्दी लोक आजही सर्वांत थोर मानतात. एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, जंगलातून डोंगर चढणारी-उतरणारी. आपली आंबेनळीच, फक्त डांबर चांगलं! अर्धीच टाकी भरून निघायचं, आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून टायर-पेट्रोल घ्यायचं, असा बेत होता. थांबा लांबला. निघाला तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे फेरारीचे दोन तरुण इंग्रज पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे होते. उरल्या दहा फेऱ्या. मग त्याने स्वतःचाच विक्रम फेरीमागून फेरी मोडला आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही गाठलं. साडेतीन तासांच्या शर्यतीत विजय अवघ्या ३.६ सेकंदांचा. त्यानंतर मात्र त्याला काही रात्री झोप लागली नाही. एरवी हाताशी राखून ठेवलेलं सगळं त्या दिवशी खर्च झालं होतं, हे त्याला कळलं होतं. पुन्हा तसं चालवायचं नाही, असं त्याने ठरवलं.

फेब्रुवारी १९५८ मध्ये हवानाच्या हॉटेलातून कॅस्ट्रोच्या क्रांतिकारकांनी त्याला पिस्तूल रोखून पळवून नेलं. बातिस्ता सरकारची शर्यत फसावी, एवढाच हेतू. त्याला इजा झाली नाही. शर्यतीत मात्र एक गाडी गर्दीत घुसून काही माणसं मेली. सुटका झाल्यावर त्याने अपहरण करणाऱ्यांबद्दल वाईट शब्द काढला नाही.

त्याच वर्षी जुलैत फ्रान्समध्ये रांसला तो शेवटची जागतिक शर्यत धावला. गाडी बिघडलेली, क्रमांक चौथा. पहिला आलेला हॉथॉर्न अखेरीस त्याच्या मागे पोचला होता, पण त्याने वेग कमी केला. पाच वेळच्या जगज्जेत्याला एक फेरीने मागे टाकायचं नाही, म्हणून. त्याच शर्यतीत लुइजी मुस्सो मेला. महिन्याभरात कॉलिन्स गेला, तोच पीटर कॉलिन्स ज्याने १९५६ साली स्वतःला जगज्जेता होण्याची संधी असताना भर शर्यतीत आपली गाडी फँजिओला देऊन टाकली होती. जानेवारी १९५९ मध्ये, शर्यती सोडलेला हॉथॉर्न इंग्लंडच्या साध्या रस्त्यावर गाडी चालवताना मेला.

फँजिओ मात्र घरी परतला. मर्सिडीजच्या गाड्यांचा व्यवसाय सांभाळला, पुढे कंपनीच्या अर्जेंटिनातल्या शाखेचा अध्यक्ष झाला. बाल्कार्सेत १९८६ साली त्याच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. १७ जुलै १९९५ रोजी ब्युनोस आयर्समध्ये तो वारला. गावाने त्याला बाल्कार्सेच्याच मातीत ठेवलं.

दर्दींच्या गप्पांत त्याचे सगळे आकडे येतात: पाच, चोवीस, एक्कावन्न, शेहेचाळीस. एक आकडा मात्र कुणी विचारत नाही, कारण तो विक्रमांच्या तक्त्यात नसतो. फँजिओ अंथरुणावर, म्हातारा होऊन, वयाच्या ८४ व्या वर्षी गेला. त्याच्या बरोबरीने धावलेल्या कितीतरी जणांना यातली निम्मी वर्षंही मिळाली नाहीत. घाटातून रोज गाडी नेणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं. त्या घरात या एका आकड्याची किंमत बाकी सगळ्या आकड्यांहून जास्त आहे.