यंत्राला लिहायला शिकवणाऱ्या हॉपरबाई

सहामाही क्लोजिंगच्या रात्री लेजरची बेरीज जुळली नाही, की आम्ही बँकेतली माणसे आधी फरकाला नवाने भागून पाहत असू. भाग पूर्ण गेला की ओळखावे, कोणीतरी ५४ चे ४५ केले असावेत. मग चहा मागवायचा आणि व्हाउचरांचे गठ्ठे सोडून तो उलटलेला आकडा शोधत बसायचे. चूक बहुधा हिशेबाची नसेच. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवतानाची असे. ह्याच जातीच्या चुकांना कंटाळून एका गणिताच्या प्राध्यापिकेने काय केले, ते मला फार उशिरा कळले.

ग्रेस मरे ९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. सातव्या वर्षी गजराचे घड्याळ आतून कसे चालते ते पाहायला त्यांनी ते उघडले. परत जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करीत घरातली सात घड्याळे मोकळी झाली, तेव्हा आईने फर्मावले, की ह्यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचे. व्हासर कॉलेज, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट, पुन्हा व्हासरलाच शिकवणे, व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न आणि १९४५ मध्ये घटस्फोट. आडनाव मात्र त्यांनी हॉपरच ठेवले.

महायुद्ध आले आणि बाईंना नौदलात जायचे होते. वय जास्त, वजन कमी, वर प्राध्यापकीची नोकरी देशाला गरजेची. तरीही सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव दलात भरती झाल्या. पुढल्या वर्षी त्यांना हार्वर्डला मार्क वन ह्या ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर पाठवले. हॉवर्ड एकन हे तिथले कडक साहेब. १९४७ मध्ये तिथल्याच मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. तो हॉपरबाईंनी शोधला आणि बग हा शब्द तिथे जन्मला, असे सांगतात. दोन्ही खरे नाही. शब्द एडिसनच्या काळापासूनचा, आणि पतंग सापडला तो इतरांना. बाई ती गोष्ट रंगवून सांगत, एवढेच.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत आल्या. ती कंपनी पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने घेतली. ती वर्षे त्यांना वैयक्तिक आयुष्यात जड गेली. दारूने त्यांना घेरले होते. त्यातून बाहेर येत त्यांनी जे काम केले, ते मला सगळ्यात मोठे वाटते.

युनिव्हॅक ह्या यंत्रासाठी आज्ञा अक्षरे आणि आकडे यांच्या संकेतात लिहाव्या लागत. साइन काढणे, घात काढणे असे नेहमी लागणारे आज्ञांचे तुकडे जो तो वहीत जपून ठेवी आणि हवे तेव्हा नकलून घेई. तुकडा यंत्राच्या स्मृतीत जिथे बसायचा, त्याप्रमाणे प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे. इथे घात होई. डेल्टाचे चिन्ह ४ सारखे उमटे, बी चे १३ होत. नकलण्यात आणि बेरजेत माणूस हटकून चुकतो, हे बाईंना दिसले, आणि ही दोन्ही कामे तर यंत्राची आवडती! १९५१-५२ मध्ये त्यांनी सगळे तुकडे टेपवर घातले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक द्यायचे. तुकडे शोधून, पत्ते बदलून ते जोडायचे काम यंत्राचे. ह्या संकलनावरून त्याला त्यांनी कंपायलर म्हटले. आजच्या अर्थाने तो पुरता कंपायलर नव्हता, हे जाणकार सांगतात ते बरोबर. पण यंत्र यंत्रासाठी लिहू लागले ते इथे.

एक अडचण पाहा. युनिव्हॅकची स्मृती अवघी १००० शब्दांची, आणि टेप एकदाच पुढे जाणार. मागच्या तुकड्याकडे उडी मारायची तर पत्ता ठाऊक असतो. पण जो तुकडा अजून आलाच नाही, त्याच्याकडे कशी उडी मारणार? बाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. तेव्हा मुलींच्या नियमांत चेंडू एकदाच आपटता येई. म्हणून तो सोबतिणीकडे फेकायचा, पुढे धावायचे आणि परत घ्यायचा. त्यांनी स्मृतीच्या शेवटी एक कोपरा राखला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात पडे. तो तुकडा जागेवर आला, की कोपऱ्यात आपला पत्ता टाकून जाई. मला ही युक्ती वाचून हसू आले आणि बाई एकदम ओळखीच्या वाटल्या.

पण यंत्र गणित करते, प्रोग्राम लिहीत नाही, असे म्हणून लोकांनी दुर्लक्ष केले. तेव्हा बाईंच्या गटाने १९५३ मध्ये सुधारलेली ए-टू आवृत्ती ग्राहकांना मूळ आज्ञांसकट पाठवली आणि चुका, सुधारणा उलट कळवायला सांगितले. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात, त्याचा हा पहिला दाखला मानतात. कंपनी विके ते यंत्र, प्रोग्राम सोबत जाई, त्यामुळे औदार्य फार महाग नव्हते, हेही खरे. तरी आपले लिखाण परक्याच्या लाल पेन्सिलीपुढे ठेवणे सोपे नसते. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. आणि लिहिणाऱ्याला पास करणारा कधीच आवडत नाही!

पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची सोय केली. दाखवताना फ्रेंच आणि जर्मन शब्दही चालवून दाखवले, तर वरिष्ठ घाबरले. अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी कळेल? यंत्राला सगळे सारखेच; मराठी घातली असती तरी त्याचे काही बिघडले नसते. ह्याच कामाच्या पायावर १९५९-६० मध्ये कोबोल ही व्यापारी हिशेबाची भाषा आली. ती समितीने घडवली, जीन सॅमेट आणि इतरांनी; बाईंना तिची आई म्हणतात, ते थोडे सैल बोलणे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. कारण कोबोल एक म्हणावी, तर जो तो कारखानदार आपल्या चालीची करू लागला होता. बाईंच्या गटाने उत्तर आधीच माहीत असलेले चाचणी-प्रोग्राम बांधले. कंपायलरमधून ते चालवायचे. उत्तर जुळले नाही, तर त्याचे कोबोल हे नाव संशयात. विकणाऱ्याचा शब्द पुरेसा नाही, हिशेब जुळवून दाखवा, असा तो साधा बाणा होता. सहा महिन्यांची मुदत १९ वर्षे लांबली.

कचेरीत त्यांचे भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरे. नेहमी असेच चालते म्हणणाऱ्यांसाठी ते होते. व्याख्यानांत त्या तारेचे जवळजवळ फूटभर लांबीचे तुकडे वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढीच धावते, म्हणत. १४ ऑगस्ट १९८६ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन ह्या जुन्या युद्धनौकेवर त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या आणि तारेचे तुकडे घेऊन पुन्हा हिंडू लागल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. तारेचे काही तुकडे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहेत.