शिंदे महाराजांची आगबोट घेऊन सोलापूरच्या वालचंद शेठनी इंग्रज कंपन्यांशी पंगा घेतला होता

दरवर्षी ५ एप्रिलला देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली याच तारखेला मुंबई बंदरातून ‘लॉयल्टी’ नावाची एक आगबोट लंडनच्या दिशेने निघाली. बोट जुनी होती, पण मालक भारतीय होते. त्यांच्यापैकी एक म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी.

बोट भारतीयांची असण्यात एवढं काय विशेष?

हे समजायला वऱ्हाडात जावं लागेल. आजच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड ही कापसाची मोठी बाजारपेठ. इथला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबईला आणि मग बोटीने विलायतेला. शेत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं, पण शकुंतला रेल्वे इंग्रज कंपनीची आणि बोटीही बहुतेक इंग्रज कंपन्यांच्याच. त्यामुळे भाडं किती हे तेच ठरवायचे.

यात शिरायचा प्रयत्न आधीही झाला होता. जमशेदजी टाटांनी करून पाहिला. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्लईंनी १९०६ मध्ये स्वदेशी कंपनी काढली. इंग्रज कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. भाडं इतकं पाडायचं की समोरचा बुडालाच पाहिजे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरी पिढीजात व्यापार आणि सावकारी. त्यांचं मन त्यात रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं आणि ठेकेदारीत जम बसवला.

पहिलं महायुद्ध संपलं, आणि एक बोट विक्रीला असल्याचं त्यांच्या कानावर आलं. दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात ही बातमी त्यांना समजली, असं सांगितलं जातं.

ही बोट साधीसुधी नव्हती. १८९१ पासून ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनडातलं व्हँकुव्हर, जपान आणि हाँगकाँग अशा फेऱ्या मारायची. पांढरीशुभ्र, निमुळत्या नाळेची, श्रीमंतांच्या यॉटसारखी दिसणारी. १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती घेतली आणि जखमी भारतीय सैनिकांसाठी तिचं तरंगतं हॉस्पिटल केलं. ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, हे नाव तिला तेव्हाच मिळालं.

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन ती विकत घेतली. मार्च १९१९ मध्ये कंपनी स्थापन झाली. बोट शिंद्यांची होती म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

इंग्रजांवरच्या निष्ठेचं नाव मिरवणारी बोट आता इंग्रज कंपन्यांनाच आव्हान द्यायला निघाली होती.

पण धंद्याचं गणित काही जमेना. बोट अठ्ठावीस वर्षांची, तीही प्रवाशांसाठी बांधलेली. १९२३ मध्ये ती मुंबईतच भंगारात निघाली. कंपनीने मालवाहू बोटी घेतल्या होत्या, पण तिथे जुनाच डाव सुरू झाला. समोर होते पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या बलाढ्य कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. भाडी पडली, सिंदियाचा तोटा वाढत गेला. इंचकेप यांनी सिंदियाच विकत घ्यायची तयारी दाखवली.

विकून मोकळं व्हायचं की लढून बुडायचं?

वालचंद यांनी तिसरी वाट धरली. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने फक्त किनाऱ्यावरची मालवाहतूक करायची, बोटी ७५ हजार टनांच्या आतच ठेवायच्या, प्रवासी घ्यायचे नाहीत आणि परदेशी मार्गांवर जायचं नाही. अटी अपमानास्पद होत्या आणि वालचंद यांना त्या कायम सलत राहिल्या. पण आधीच्या स्वदेशी कंपन्या बुडाल्या तशी सिंदिया बुडाली नाही.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आलं. पुढे त्यांनी ठरवलं की बोटी बांधायच्याही इथेच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी जपानने शहरावर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात बांधलेलं हे पहिलं मोठं जहाज.

याच काळात बंगळुरूचा विमान कारखाना, प्रीमियर ऑटोमोबाईल्स, वालचंदनगरचा साखर कारखाना अशी त्यांची कामं चालूच होती. तब्येत साथ देईना म्हणून १९५० मध्ये त्यांनी सिंदियाचं अध्यक्षपद सोडलं. जहाज कारखान्यात १९५२ मध्ये सरकारने मोठा वाटा घेतला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचं निधन झालं.

त्यांनी घेतलेली पहिली बोट चार वर्षांत भंगारात गेली. तरीही १९६४ पासून देशाचा सागरी दिन साजरा होतो तो तिच्याच पहिल्या सफरीच्या तारखेला.