जखम उघडी ठेवणारा सर्जन

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले, की पाहणाऱ्याला वाटते, लगेच टाके घालून जखम बंद करावी. युद्धाच्या धामधुमीत हा मोह टाळणारे सर्जन म्हणजे बार्सिलोनाचे जोसेप ट्रुएटा.

त्यांचा जन्म १८९७ चा. ओढ चित्रकलेची होती, पण ते डॉक्टर झाले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा ते सांत पाऊ रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख होते. पुढे शहरावरच बॉम्ब पडू लागले आणि जखमींची रीघ लागली.

चिरडलेल्या मांसाला रक्त मिळत नाही. अशा मेलेल्या मांसात, हवा नसताना, गॅस गँगरीनचे जंतू झपाट्याने वाढतात. वरून टाके घातले, तर शत्रूला किल्ल्यात कोंडून दरवाजा लावल्यासारखेच! मग पाय कापावा लागे, नाहीतर प्राण जात.

ट्रुएटांची रीत पाच पायऱ्यांची होती : लवकर शस्त्रक्रिया, साबण-पाण्याने सफाई, मेलेले मांस कापून काढणे, निचऱ्यासाठी जखमेत गॉज भरणे आणि टाके न घालता वरून प्लास्टर. उघड्या जखमेवर प्लास्टर घालण्याची पद्धत अमेरिकन सर्जन विनेट ऑर यांनी आधीच रूढ केली होती. ट्रुएटांनी मेलेले मांस काढण्यावर सर्वांत जास्त भर दिला.

आत स्राव मुरून प्लास्टरला असह्य दुर्गंधी येई. तरी केवळ वासापायी ते प्लास्टर काढत नसत. रुग्णाचा ताप आणि एकंदर प्रकृती पाहून ठरवत. अशा १,०७३ रुग्णांपैकी फक्त ६ दगावले.

१९३९ मध्ये बार्सिलोना पडले आणि त्यांना देश सोडावा लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि दुसऱ्या महायुद्धातील सर्जनांना त्यांची रीत उपयोगी पडली. १९४९ ते १९६६ ते ऑक्सफर्डला अस्थिशल्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७७ साली बार्सिलोनातच त्यांचे निधन झाले.

आज प्रतिजैविके आहेत. जखम स्वच्छ असेल तर ती लवकर बंदही करतात. पण आधी सफाई, मग टाके, हा क्रम कायम आहे. कॅडेट मित्रांनो, मैदानावर असा प्रसंग आलाच, तर हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापडाने जखम झाका, अवयव हलू देऊ नका आणि जखमीला त्वरित रुग्णालयात पोचवा.