डॉक्टर पॅट्रिक रसेल

सर्प दिसला कीं काठी उचलावयाची, ही आपली जुनी खोड. तो विषारी कीं निर्विष, हें पाहण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. ते श्रम ज्यांनीं हिंदुस्थानांत येऊन वर्षानुवर्षें घेतले, त्या डॉक्टर रसेल यांचें चरित्र बालवाचकांनीं अवश्य जाणावें.

पॅट्रिक रसेल यांचा जन्म १७२७ सालीं एडिंबरो शहरीं झाला. वैद्यक शिकून ते सीरियांतील अलेप्पो येथें गेले. १७६० ते १७६२ या काळांत तेथें प्लेगनें कहर केला असतां त्यांनीं नगर न सोडतां रोग्यांस औषधोपचार केले.

पुढें ते बंधूसमवेत विशाखापट्टणास आले. १७८५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस सृष्टिशास्त्रज्ञ नेमिलें. सर्पदंशानें माणसें दगावत; पण विषारी सर्प ओळखण्याची खात्रीची खूण डॉक्टरांनाहि ठाऊक नव्हती. रसेल यांनीं केवळ रंग व खवले यांवर न विसंबतां जबड्यांतील विषदंत तपासले. रामबाण म्हणून गाजलेल्या तंजावरी गोळीचीहि परीक्षा घेतली. पाहिलेल्या सर्पांपैकीं बहुतेक निर्विष ठरले.

१७९६ सालीं त्यांचा सचित्र ग्रंथ लंडनांत निघाला. त्यांत अजगर ‘पेद्द पोडा’ या तेलुगू नांवानें आला आहे. अजगरास विष नसतें. मागें वळलेल्या दांतांनीं तो सावज धरतो व त्यास विळखा घालतो. तो हाडें मोडतो, ही समजूत चुकीची. विळख्याच्या दाबानें रक्ताभिसरण थांबून सावज मरतें. १८०१ सालीं रसेल यांनीं मांडुळाचें वर्णन करून त्यास तरंगंबाडीचे मिशनरी जॉन यांचें नांव दिलें. बोथट शेपटीमुळें हा गरीब प्राणी दुतोंडी भासतो. तो धन मिळवून देतो अशा भोळ्या समजुतीनें त्याचा चोरटा व्यापार चालतो, ही खेदाची गोष्ट होय. १९७२ च्या कायद्यानें अजगर व मांडूळ यांस संरक्षण आहे. ते हौसेखातर घरीं पाळणें गुन्हा आहे. ज्यांस सर्प पाहावयाचे असतील त्यांनीं १९८६ सालीं स्थापन झालेलें कात्रजचें सर्पोद्यान पाहावें.

२ जुलै १८०५ रोजीं रसेल निवर्तले. आपली घोणस शास्त्रांत त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परमेश्वरानें निर्मिलेल्या जीवास मारण्यापूर्वीं त्यास ओळखावें, हाच त्यांच्या चरित्राचा बोध. शेतांतील उंदीर खाणारा निर्विष सर्प आपल्या अज्ञानापायीं मरतो, तेव्हां अपराध त्याचा नसतो, आपला असतो.