पॉल माउझर : बंदूकधाऱ्याच्या सुरक्षेचा ध्यास

ऑगस्ट १९१४मध्ये बंगाली क्रांतिकारकांनी कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले पळविली आणि हे जर्मन नाव आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचे रुजले. ज्याचे ते नाव, तो पॉल माउझर तीनच महिन्यांपूर्वी, २९ मे रोजी मरण पावला होता. ते पिस्तूल मुळात त्याच्या कारखान्यातील फेडेर्ले बंधूंची निर्मिती. माउझरचे स्वतःचे आयुष्य वेचले गेले ते रायफलीसाठी, आणि त्यातही रायफल तिच्या धन्यावरच उलटू नये या खटाटोपात.

नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे २७ जून १८३८ रोजी तो जन्मला; आईवडिलांचे हे तेरावे अपत्य. व्युर्टेम्बर्गच्या राजाचा शस्त्रकारखाना तेथील जुन्या मठाच्या इमारतीत होता आणि वडील त्यात कारागीर होते. १८५९मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात गेला. ड्रायझेची ‘सुईची बंदूक’ त्या काळी नावाजलेली होती. तिच्यातील उणिवा हेरून त्याने बोल्ट फिरविताच स्प्रिंग आपोआप ताणली जाईल अशी रचना केली. थोरला भाऊ विल्हेल्म व्यवहार सांभाळी, पॉल कानस चालवी.

२ डिसेंबर १८७१ रोजी प्रशियाने त्यांची रायफल स्वीकारली, परंतु सुरक्षा खटक्यात बदल सुचवून. तो झाल्यावर १४ फेब्रुवारी १८७२ रोजी अंतिम मान्यता मिळाली. पुढे भावांनी ओबर्नडॉर्फचा कारखानाच विकत घेतला. विल्हेल्म १८८२मध्ये गेला; तुर्कस्तानच्या प्रचंड मागणीने कारखान्याला ऊर्जितावस्था आणली.

१८९८च्या रायफलीत मात्र त्याच्या विचाराचे सार उतरले आहे. बोल्टच्या मागच्या टोकाला एक छोटा पंख असतो. तो डावीकडे असला की रायफल झाडता येते. उभा केला की काडतुसावर आघात करणारी पिन अडते, पण बोल्ट उघडता येतो. म्हणजे पिन अडलेली असतानाच काडतुसे काढून घेता येतात. उजवीकडे वळविला की पिन आणि बोल्ट दोन्ही जखडले जातात. मर्म असे, की हा खटका नुसता चाप अडवीत नाही. तो पिनच मागे खेचून धरतो. नुसता चाप अडविला आणि त्यामागची अडणी झिजलेली असली, तर धक्क्यानेही ती सुटू शकते. चापही दुटप्पी : आधी सैल ओढ, मग जाणवणारा अडसर. त्यामुळे अडणीची पकड खोल ठेवता येते. फुटलेल्या काडतुसाचा वायू चेहऱ्यावर येऊ नये म्हणून बोल्टमध्ये छिद्रे आणि मागे रुंद कडा. अर्थात ही सारी काळजी नळीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची होती, पुढच्याची नव्हे.

त्याच वर्षी तो जर्मन संसदेवर निवडून आला. पण मन रमले ते स्वयंभरण रायफलीत, म्हणजे प्रत्येक बारानंतर आपोआप पुढचे काडतूस भरणाऱ्या रायफलीत. १९०१मध्ये अशाच एका नमुन्याची चाचणी तो स्वतः घेत होता. बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच काडतूस उडाले आणि त्याचा डावा डोळा गेला. बोल्ट नीट बंद झाल्याखेरीज पिन काडतुसापर्यंत पोहोचू नये, ही तजवीज १८९८च्या रायफलीत त्यानेच केलेली होती. हाताने चालविण्याच्या बोल्टमध्ये जे साधले, ते क्षणार्धात आपोआप मागेपुढे होणाऱ्या यंत्रात साधणे फार कठीण होते.

जर्मनीत आज शिकारीच्या परवान्याची परीक्षा देणाऱ्याला बंदूक प्रत्यक्ष हाताळून दाखवावी लागते. सुरक्षा खटका लावलेला असला तरी नळीचे तोंड माणसाकडे वळविणे हा गंभीर दोष मानतात, आणि ते योग्यच आहे. खटका हा शेवटी झिजणाऱ्या लोखंडाचा तुकडा आहे. माउझरइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

एका डोळ्यानिशी तो त्याच रायफलीवर काम करीत राहिला. १९१२मध्ये त्याला सरदारकी मिळाली. त्या प्रयत्नांतून घडलेली स्वयंभरण रायफल १९१५मध्ये मोजक्या संख्येने जर्मन वैमानिकांच्या हाती पडली. तेव्हा तिचा कर्ता हयात नव्हता.